पडण्याचा तास

लिंबागणेशचा गणपती म्हणजे भालचंद्र. मोदक खाऊन उंदरावरून निघालेले गणराय तोल जाऊन पडले, ते पाहून चंद्र हसला आणि शाप ओढवून बसला, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक लेकराने भाद्रपदातल्या चतुर्थीला ऐकलेली असते. शापातून सुटण्यासाठी चंद्राने तप केले, गणपतीने त्याला कपाळावर जागा दिली आणि हे घडले ते इथेच, अशी या क्षेत्राची श्रद्धा आहे. कथेत शिक्षा पडणाऱ्याला होत नाही, हसणाऱ्याला होते. आपल्या शाळांत बहुधा उलटे चालते.

बालाघाटाच्या डोंगररांगांत, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. बीड जिल्ह्यातल्या अशा गावच्या शाळेत मुलांना रोलर स्केटिंग शिकवा, असे कोणी सुचवले तर पहिल्यांदा हसूच येईल. जिथे पाऊस हुलकावणी देतो, दिवाळीच्या आगेमागे घरेच्या घरे कोयते घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तिथे चाकांचे बूट? हा खेळ पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमधला, उन्हाळी शिबिरांतला, हौशी पालकांचा. आक्षेप खोटा नाही. पण तो खेळावर नाही, खेळ आजवर कोणाच्या दारापर्यंत पोहोचला, त्यावर आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो घरातून येईल. आजी म्हणेल, ‘‘पडलं-बिडलं, हात मोडला, तर बीडला कोण न्यायचं लेकराला? ह्याचे मायबाप तर फडावर.’’ या आजीला सरळ उत्तर देता आले तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. स्केटिंगचे बूट मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात प्रत्येक पायाखाली चार चाके, दोन पुढे आणि दोन मागे. त्याला क्वाड म्हणतात. दुसऱ्यात सगळी चाके एका ओळीत, ते इनलाइन. वेगाच्या मोठ्या स्पर्धा इनलाइनवर होतात, पण नवशिक्या लेकराला क्वाड बरे, कारण ते निदान जागेवर उभे तरी राहू देते. या बुटांचा इतिहास गमतीचा आहे. जोसेफ मर्लिन नावाच्या बेल्जियन कारागिराने १७६० च्या सुमारास लंडनमधल्या एका मेजवानीत चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत झोकात प्रवेश केला. थांबायचे कसे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. तो थेट भल्यामोठ्या आरशावर जाऊन आदळला, असे सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि स्वारी जबर जखमी झाली. त्यानंतर शंभरेक वर्षे हे बूट सरळ जायचे, पण सहज वळायचे नाहीत. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने चाकांच्या आसाजवळ रबराची गादी बसवली आणि अंग जिकडे झुकेल तिकडे चाके वळू लागली. आजही क्वाड उलटा करून पाहिला तर ती रबरी चकती दिसते. मर्लिनच्या फजितीतून शिकवणाऱ्याने एवढे घ्यावे की पळवण्याआधी मुलाला थांबवायला शिकवायचे असते. आणि त्याच्याही आधी पडायला.

पहिल्या दिवशी काय होते? मूल बूट बांधून, भिंतीला धरून उभे राहते आणि सवयीने पाय मागे रेटते. चालताना आपण तेच करत असतो. पण इथे रेटलेले चाक मागे गडगडत निघून जाते, अंग जागच्या जागी राहते आणि तोल सुटतो. चाकाला पुढे-मागे अडवणारे घर्षण जवळपास नसते. आडवे मात्र ते जमीन घट्ट धरते. म्हणून टाचा जवळ, पंजे फाकलेले आणि रेटा बाजूला, असा पाय टाकावा लागतो. हे सांगून कळत नाही. दहा-बारा वेळा पाय निसटल्यावर अंगाला आपोआप उमगते. घर्षण बल सहावीच्या विज्ञानात येते आणि फळ्यावरच्या बाणांनी ते जेवढे समजते, त्याहून कितीतरी जास्त ते त्या निसटलेल्या पायाला समजलेले असते. विज्ञानाच्या सरांनी एकदा आपला तास मैदानावर नेऊन पाहावा.

भीती वाटली की मूल ताठ होते, पाठ मागे जाते, हात हवेत फिरू लागतात. ताठ अंग मागे पडते आणि मागे पडणे सगळ्यात वाईट, कारण मग माकडहाड, कोपर, डोके, काहीही आपटू शकते. म्हणून चांगला शिकवणारा सुरुवातीचे एक-दोन तास बूट देतच नाही. मातीवर, अनवाणी पायांनी पडायचा सराव घेतो. गुडघे वाकव, नजर पुढे ठेव, हात समोर. तोल जातोय असे वाटले की आणखी खाली बस. पडायचेच झाले तर पुढे, गुडघ्यांवर ये. मुठी मीट, म्हणजे मागून येणाऱ्याचे चाक बोटांवरून जाणार नाही. हात मागे टेकू नकोस. आणि उठताना धडपडायचे नाही: एक गुडघा जमिनीवर, दुसरे पाऊल समोर, दोन्ही तळहात त्या समोरच्या गुडघ्यावर, मग सावकाश उभे. चाळीस पोरे एका सुरात पडतायत, उठतायत, हे दृश्य लांबून विनोदीच दिसते. पण शाळेच्या आठवड्याभराच्या वेळापत्रकात असा दुसरा एकही तास नाही, जिथे चुकण्याची रीत शिकवतात.

आमच्या मते या खेळाचा खरा फायदा इथे आहे. पाढा चुकला की वर्ग हसतो, इंग्रजीचा शब्द अडखळला की शेजारचा कोपरखळी मारतो. दोन-चार वेळा असे झाले की मागच्या बाकावरचे लेकरू हात वर करणे सोडून देते, आणि पुढे त्याला काय येत नाही, हेच कोणाला कळत नाही. चाकांवर मात्र पडल्यावाचून कोणाचेच भागत नाही. सरपंचाचा नातू आणि ऊसतोड कामगाराची लेक, पहिल्या आठवड्यात दोघेही सारखेच आपटतात. अभ्यासात पहिला येणारा मुलगा इथे सगळ्यात जास्त घाबरलेला असण्याचीही शक्यता असते. त्याला चुकण्याची सवयच नसते. लिंबागणेशच्या शाळेत असा तास सुरू झालाच, तर त्याचा पहिला नियम वेगळा लिहायची गरज पडू नये. पडणाऱ्याला हसायचे नाही. का, ते देवळात विचारा.

बाकीचे फायदे थोडक्यात सांगता येतात, कारण ते कोणत्याही दमदार खेळाचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करायला हवी. खेड्यातली मुले आपोआप तेवढी हुंदडतात, हा समज मोबाइल हातात आल्यापासून जुना झाला. स्केटिंगमध्ये प्रत्येक रेट्याला अंगाचा सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो. मांड्या, नितंब, पोटऱ्या आणि घोटे कामाला लागतात, दम वाढतो, आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला डोळ्यांशी व पायांशी जुळवून घ्यावे लागते. एकाग्रता वाढते, गणित सुधारते, बुद्धी तल्लख होते वगैरे जाहिरातींत छापले जाते, त्याच्या आहारी जाऊ नये. गणित सुधारायचे असेल तर गणित शिकवावे.

तसाच दुसरा मोह विक्रमांचा. चिमुकल्याने सलग इतके तास स्केटिंग केले, डोळ्यांवर पट्टी बांधून इतके किलोमीटर केले, अशा बातम्या आम्हीच छापतो; त्यामुळे हा दोष आमच्याकडेही येतो. बेळगावच्या मुलांनी ओळीने उभ्या केलेल्या मोटारींच्या पोटाखालून, पाय फाकवून आणि छाती जमिनीला जवळपास टेकवून सरकत जाण्याचे जे विक्रम केले, त्यामागे वर्षानुवर्षांची लवचिकता आणि मेहनत होती. पण दर उन्हाळ्यात उगवणाऱ्या प्रमाणपत्रांमागे मुलाची मेहनत किती आणि पालकांनी भरलेले शुल्क किती, हा प्रश्न विचारायला हवा. सहा वर्षांच्या मुलाचे पाय चोवीस तास चालवण्यासाठी नसतात.

आता आजीकडे वळू. पडलेल्या स्केटरला सर्वाधिक इजा होते ती मनगटाला. पडताना माणूस हात पुढे करतोच. अमेरिकेत १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींचा एक अभ्यास आला होता. मनगटाचे संरक्षक न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याची शक्यता, ते घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट निघाली. कोपराच्या संरक्षकाचेही जवळपास तेच. म्हणजे आजीची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. हेल्मेट आणि मनगट, कोपर, गुडघ्यांचे संरक्षक, या चार गोष्टी अंगावर नसतील तर बूट द्यायचे नाहीत. ‘आज हेल्मेट कमी आहेत, बिनहेल्मेटचं चालू द्या’ हे ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तास बंद. शहरातल्या मुलाचा हात मोडला तर प्लास्टर आणि सहा आठवड्यांची सुट्टी. ज्याचे आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कुठल्या फडावर उचल फेडत आहेत, त्याचा हात मोडला तर म्हाताऱ्या माणसाला एसटी गाठावी लागते आणि मुकादमाच्या फोनवर निरोप ठेवावा लागतो. तेव्हा इथे संरक्षक साहित्याची सक्ती शहरापेक्षा कडक हवी, सैल नव्हे. आणि रस्त्यावर स्केटिंग नाही म्हणजे नाही. गावाजवळून जाणारा महामार्ग कितीही गुळगुळीत दिसला तरी तो मालमोटारींचा आहे.

मग करायचे कुठे? अडचण बुटांपेक्षा जमिनीची आहे. स्केटिंगचे चाक लहान, खडी-मातीत ते रुतते, बोटभर फटीत अडकते आणि अडकले की मूल तोंडावर येते. अलीकडे शाळांच्या अंगणात निधी आला की पेव्हर ब्लॉक बसवायची रीत पडली आहे. चिखल होत नाही, फोटो छान येतो, बिलही लवकर निघते. पण दर अर्ध्या फुटाला सांधा असलेल्या त्या जमिनीवर चाक चालत नाही. खरे तर लंगडी घालणाऱ्या मुलीचा अंगठाही तिथे ठेचकाळतो. शहाबादी फरशीचे सांधेही तसेच. हवा आहे तो अखंड, घोटून गुळगुळीत केलेला काँक्रीटचा कोबा. सांधे ठेवावे लागतातच, पण ते बारीक आणि नीट भरलेले.

पूर्वी अशी जागा गावात होती. प्रत्येक शेतकऱ्याचे खळे असे. चोपून, शेणाने सारवून, तळहातासारखे साफ केलेले. मध्ये तिवडा, भोवती बैलांची पात. मळणीयंत्रे आली, खळी गेली आणि गावातली ती गोल, सपाट जागाही गेली. स्केटिंगचे मैदान पाहिले की आम्हाला खळ्याचीच आठवण होते: तेच गोल गोल फिरणे, तीच मधल्या खुणेभोवतीची पात, आणि कडेला उभे राहून सूचना करणारी रिकामी माणसे.

आंतरराष्ट्रीय दर्जाचा, वळणावर उचललेला २०० मीटरचा ट्रॅक हा जिल्हा क्रीडा संकुलाचा विषय. रोलर हॉकीचे मैदान ४० बाय २० मीटरचे असते. तेही शाळेला परवडणारे नाही. सुरुवातीला २० बाय १२ मीटर जागा पुरे. हिशेब सोपा आहे. २४० चौरस मीटर, जाडी चार इंच धरली तर साधारण २४ घनमीटर काँक्रीट. तीन मीटर रुंद आणि सहा इंच जाड अशा गल्लीतल्या सिमेंट रस्त्याच्या पन्नास-पंचावन्न मीटरांना तेवढेच लागते. दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायत यापेक्षा लांब रस्ता करते, आणि त्यातला एखादा तिसऱ्या वर्षी पुन्हा करते. राज्याच्या क्रीडा खात्याची क्रीडांगण विकासाची अनुदान योजना आहे, जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य देणे बंधनकारक केले आहे. हा कोबा स्केटिंगपुरता राहणारही नाही. त्यावर सकाळी परिपाठ होईल, लेझीम होईल, पावसाळ्यात कवायत होईल. सुगीत कोणीतरी त्यावर ज्वारी वाळत घालेल, हेही गृहीत धरावे आणि त्याचे वार आधीच ठरवून द्यावेत. भांडणे टळतात.

बूट शाळेचे असावेत, मुलांचे नव्हे. ही बाब आम्हाला कोब्याइतकीच महत्त्वाची वाटते. लांबी कमी-जास्त करता येणारे साधे क्वाड हजार-बाराशे रुपयांपासून मिळतात. वीस जोड आणि त्यांना पुरेसे संरक्षक साहित्य यांचा खर्च आमच्या अंदाजाने चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. चाळीसच्या वर्गाला चाळीस जोड लागत नाहीत. जोड्या लावायच्या, एक चाकांवर, दुसरा शेजारून चालत त्याचा हात धरणारा. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. मगाशी ज्याचा हात धरून आपण उभे राहिलो, त्याला हसायची हिंमत सहसा होत नाही. पालकांनी विकत घ्यायचे ठरवले तर वर्गाचे दोन भाग पडतात, चाकवाले आणि बघे, आणि वर्षभरात पाय वाढले की ते बूट माळ्यावर जातात.

एका जोडीत आठ चाके, प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. म्हणजे जोडीला सोळा, वीस जोडांना तीनशे वीस. बालाघाटावरची धूळ बारीक आणि चिवट. दोन महिन्यांत चाके कुरकुरू लागतात आणि चाके अडली की मूल पडते. बेअरिंग बहुधा ६०८ क्रमांकाचे असते: आतले भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हा चमत्कारिक विदेशी माल नव्हे; छोट्या मोटारींतही हाच आकार असतो, त्यामुळे बीडला बेअरिंगच्या दुकानात मिळतो. महिन्यातून एकदा चाके उतरवायची, बेअरिंग रॉकेल-डिझेलसारख्या द्रवात हलवून धुवायचे, फडक्यावर वाळवायचे, शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि पुन्हा बसवायचे. पाना फिरवणे, नट किती आवळायचा हे बोटांना कळणे, चाक फिरवून कानाशी धरून आवाज ऐकणे. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले करण्यापेक्षा हे बरे. धुण्याचे काम मात्र मोठ्या माणसाने, उघड्यावर, आगीपासून लांब करावे. ज्या गावात वायरमन, मोटार रिवायंडिंगवाला आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री यांना बारमाही काम आहे, तिथे ही शिकवण वाया जाणार नाही.

आता हंगामाचा प्रश्न. बीड जिल्ह्यातल्या शाळेचे कोणतेही नियोजन ऊसतोडीला वगळून करता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला कोयते निघतात, मार्च-एप्रिलला परततात. काही मुले सोबत जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात, काही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. कोणतेही प्रशिक्षण जूनमध्ये सुरू केले की दिवाळीपर्यंत जेमतेम रंगते आणि वर्ग अर्धा होतो. शहरातल्या क्लाससारखा सलग वर्षभराचा अभ्यासक्रम इथे बसणारच नाही. म्हणून शिकवणीचे तुकडे पाडावेत: पावसाळ्याच्या उघडिपीत दहा-बारा आठवडे उभे राहणे, पडणे, थांबणे आणि सरळ जाणे; वळणे आणि पुढचे सगळे एप्रिलनंतर. चाकांवरचा तोल एकदा अंगात भिनला की सहज जात नाही, सायकलसारखाच. चार महिने फडावर राहून आलेले मूल दोन दिवसांत पूर्ववत होते. पाढ्यांचे तसे नाही. परत आलेल्या ज्या मुलाला वर्गात सगळेच मागे पडल्यासारखे वाटते, त्याला निदान एका तासात तरी आपण होतो तिथेच आहोत, असे वाटेल.

आणि जी मागे राहतात, त्यांच्या संध्याकाळी. हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते, निवाऱ्याची होते. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंतच्या वेळेची नसते. आईची आठवण नेमकी तेव्हा येते. त्या दोन तासांत वीस जोड बूट काय करू शकतात, हे आकड्यांत दाखवता येणार नाही.

खेड्यात चाके नेण्याचा एक प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात झालेला आहे. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे छोटे गाव आहे. तिथे २०१५ मध्ये उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने काँक्रीटचे स्केटपार्क उभे राहिले. तिथली चाके पायाला नव्हे, फळीला. तो स्केटबोर्डिंगचा प्रकार आहे. पण नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत, आणि ते दोनच. शाळेत गेला नाहीस तर फळी नाही, आणि मुलींचा नंबर आधी. गावात आदिवासी आणि यादव अशी वस्ती. एरवी फारसे न मिसळणारी मुले एकाच उतारावर घसरू लागली. तिथलीच आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. हा प्रयोग जसाच्या तसा उचलून आणावा, असे आम्ही म्हणत नाही. बाहेरच्या माणसाच्या उत्साहावर उभी राहिलेली कामे तो माणूस निघून गेल्यावर कशी होतात, हे मराठवाड्याने पुष्कळ पाहिले आहे. पण मुलींचा नंबर आधी, हा नियम इथे हवाच. सातवी-आठवी झाली की मुली मैदानातून घरात जातात आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्यानंतर लवकरच बोलणी सुरू होतात. चाकांच्या बुटांनी बालविवाह थांबत नाहीत. मात्र आठवीतली मुलगी सगळ्या गावादेखत वेगाने वळण घेताना दिसणे, ही त्या गावाच्या नजरेला सवय लागण्याची गोष्ट आहे.

‘पुढे काय?’ हा प्रश्न येणारच. रोलर स्केटिंग आज ऑलिंपिकमध्ये नाही. २०२३ च्या आशियाई स्पर्धांत होते, शालेय क्रीडा स्पर्धांत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धा चालू होत्या. १ तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण ८ मिनिटे १९.५० सेकंदांत घेतले. दुसऱ्याच दिवशी, तेवढ्याच ३००० मीटर अंतराच्या स्केटिंग रिलेत भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही चमूंनी कांस्यपदक मिळवले. पुरुषांच्या चमूतल्या चौघांपैकी सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे महाराष्ट्राचे. साबळेचे नाव बीडमध्ये घराघरात गेले, आणि ते योग्यच झाले. त्या दोघांची नावे आपल्या किती वाचकांना आठवतात? पुरुषांच्या त्या शर्यतीचा शेवट तर प्रत्येक शाळेत दाखवावा असा आहे. सर्वांत पुढे असलेल्या दक्षिण कोरियाच्या खेळाडूने रेषेआधीच विजयाच्या आनंदात हात उंचावले, मागच्या तैवानच्या खेळाडूने पाय पुढे सरकवला आणि सुवर्ण सेकंदाच्या शंभराव्या भागाने तैवानकडे गेले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमध्येच १००० मीटरचे जागतिक विजेतेपद मिळवले. या खेळातला तो भारताचा पहिला जगज्जेता. म्हणजे वाट अगदीच बंद नाही. पण शाळेने त्यासाठी सुरुवात करू नये. क्रीडा आरक्षण, दहावीचे सवलतीचे गुण, पदके, हे सगळे शंभरातल्या एकाचे. उरलेल्या नव्याण्णवांसाठी तास असतो.

शिकवणार कोण, हा शेवटचा आणि खरा अडसर. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडा शिक्षक नसतो. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो; त्या नेमणुकांचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले आहे. बीडहून प्रशिक्षक रोज येणार नाही, आठवड्यातून एकदा येईल. मधल्या दिवसांत शाळेतल्याच एखाद्या सरांनी वा मॅडमनी तास घ्यायचा, तर त्यांना आधी स्वतः बूट घालावे लागतील. चाळिशीतले सर चाळीस पोरांसमोर पहिल्यांदा आपटतील तेव्हा वर्ग श्वास रोखून पाहील. सर कसे उठतात, त्यावर पुढचा तास ठरेल.

कामाचा मुहूर्त तेवढा बघून काढावा. घोटलेल्या कोब्याला दोन-तीन आठवडे पाणी मारावे लागते, नाहीतर तडे जातात आणि सगळे मुसळ केरात. एप्रिल-मेमध्ये प्यायला टँकर मागवणाऱ्या गावात कोब्यावर पाणी शिंपडणाऱ्याला लोक दगड मारतील. मार्चअखेर निधी संपवण्याच्या घाईत काम काढले तर हमखास तेच होणार. विहिरींना पाणी असते ते दिवाळीनंतर, म्हणजे ज्या मुलांसाठी कोबा घालायचा त्यातली अर्धी गाव सोडून गेलेली असतात तेव्हा. तरी तेव्हाच घालावा. माघी गणेश जयंतीपर्यंत तो पक्का होईल, वसतिगृहातली मुले त्यावर पहिल्यांदा पडतील-उठतील, आणि पाडव्याच्या सुमारास फडावरून परतलेल्या ट्रॅक्टरमधून जी लेकरे उतरतील, त्यांचे हात धरायला जोडीदार तयार असतील.